पडद्यावरच्या हिरव्या बायका

स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांसाठी आमच्या हॉस्पिटलात कॉम्प्युटरची सोय झाली, त्या उद्घाटनाला स्टेजवर एकही बाई नव्हती. म्हणजे मी होते, पण मी समईपाशी काडेपेटी घेऊन उभी होते, त्याला काही स्टेजवर असणं म्हणत नाहीत. खुर्च्यांवर सगळे पुरुष. ज्या कंपनीच्या समाजकार्याच्या निधीतून हे येणार होतं तिचे साहेब, सॉफ्टवेअर कंपनीचे साहेब, आमचे ट्रस्टी, एक माजी नगरसेवक आणि त्यांच्या पाठीशी उभे असलेले त्यांचे कार्यकर्ते. गुलाबी फुगे होते, गुलाबी फेटे होते. फेटे बांधायला खास माणूस बोलावला होता आणि त्यानं चुकून मलाही एक बांधला. भाषणं रंगली, पण ‘स्तन’ हा शब्द एकाच्याही तोंडून निघाला नाही. कोणी ‘महिलांचा आजार’ म्हणाला, कोणी ‘ती समस्या’ म्हणाला, माजी नगरसेवक तर ‘मातृशक्तीवरचं संकट’ म्हणाले. पेशंट बायका मागच्या रांगेत वडे खात बसल्या होत्या. त्यातल्या एकीनं मला जवळ बोलावून हळूच विचारलं, “सिस्टर, ह्यांना नक्की काय झालंय?”

मी नर्स. नोकरीचं सगळं आयुष्य याच हॉस्पिटलात गेलं, त्यातला बराच काळ कॅन्सरच्या वॉर्डात. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा मला वॉर्डातून उचलून एका काचेच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसवलं. आता निवृत्त होऊन संत तुकाराम नगरच्या फ्लॅटमध्ये बसलेय, म्हणून हे लिहिता येतंय. या अंकाच्या संपादकांना ‘कॅन्सरला हरवणाऱ्या रणरागिणी’ असं काहीतरी हवं होतं. मला रणरागिणी फारशा भेटल्या नाहीत. भेटल्या त्या केमो घेऊन रिक्षात बसताना संध्याकाळच्या भाजीचं ठरवणाऱ्या.

आधी काम काय होतं ते सांगते. केमोचं औषध कॅन्सरच्या पेशी मारतं हे खरं, पण त्याला आपलं-परकं कळत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशीही ते मारतं. सलाईन घेऊन घरी गेल्यावर आठवडाभरानं शरीरात राखणीला कोणी उरलेलं नसतं. त्या दिवसांत ताप आला तर तो साधा ताप नव्हे. गोळी घेऊन पांघरूण ओढायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं आणि शिरेतून औषध सुरू करायचं. उशीर केला तर माणूस हातचं जातं. हे मी प्रत्येक बाईला सांगायची, आणि प्रत्येक बाई ‘हो सिस्टर’ म्हणून घरी जाऊन गोळी घ्यायची.

त्यावर उपाय म्हणून हे ‘सोबतीण’ आलं. मोबाईलवर रोज सकाळी प्रश्न यायचे. ताप आहे का, उलट्या होतात का, तोंड आलंय का, ऑपरेशनच्या बाजूचा हात सुजलाय का, मन कसं आहे. पुढे तीन चेहरे, हसरा, गप्प आणि रडका. बाईनं चेहरा दाबला की माझ्या पडद्यावर तिचं नाव हिरवं, पिवळं किंवा लाल व्हायचं. लाल झालं की मी फोन करायचा आणि डॉक्टरांना सांगायचं. शिवाय ‘कट्टा’ म्हणून एक जागा होती, तिथं या बायकांनी आपसात मन मोकळं करावं अशी कल्पना. कल्पना चांगलीच होती, हे मी आधी कबूल करते. नाक मुरडायची मला सवय आहे, पण मी आंधळी नाही.

सुरू झालं आणि सगळ्या बायका हिरव्या. पहिल्या आठवड्यात हिरव्या, दुसऱ्यात हिरव्या, महिना झाला तरी हिरव्या. समाजकार्याचे साहेब खुशीत. त्यांचं निम्मं आयुष्य कारखान्यात क्वालिटी विभागात गेलेलं. माझ्या खोलीत येऊन पडद्याकडे बघत म्हणायचे, “शून्य लाल, सिस्टर. झीरो डिफेक्ट.” मी म्हटलं, “साहेब, या केमोवरच्या बायका आहेत, गिअरबॉक्स नाहीत.” ते हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं. केमोवर कोणाला उलटी नाही, कोणाचं तोंड आलेलं नाही, आणि ‘मन कसं आहे’ला रोज हसरा चेहरा. माझं मन काही न होता आठवडाभर हसरं राहिल्याचं मला आठवत नाही.

मग आकुर्डीची एक बाई गेली. नाव लिहीत नाही, घरची माणसं अजून इथंच आहेत. घरात ताप अंगावर काढला, गल्लीतल्या डॉक्टरकडून इंजेक्शन घेतलं, आणि आमच्याकडे आणली तेव्हा करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. त्या दिवशी सकाळीसुद्धा ती माझ्या पडद्यावर हिरवी होती. मी साहेबांना बोलावून दाखवलं. त्यांनी नीट वाकून बघितलं आणि म्हणाले, “पण अपडेट वेळेवर आलेलं आहे.” मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. संपादकांना हे वाक्य नको असेल तर त्यांनी खुशाल काढावं, वाटली ती वाटलीच.

सॉफ्टवेअर लिहिणारी मुलगी ऋतुजा अधूनमधून हिंजवडीहून यायची. पाठीला सॅक, कानात काहीतरी, पण डोकं जाग्यावर. तिला मी म्हटलं, ही उत्तरं केव्हा येतात ते मला दाखव. तिनं काढून दाखवलं. सकाळची शिफ्ट सुरू होताना उत्तरांचा एक घोळका, दुपारची शिफ्ट सुरू होताना दुसरा. मध्ये सगळं सामसूम. ऋतुजा म्हणाली, “सिस्टर, या बायका शिफ्टमध्ये आजारी असतात का?”

मी तिच्यासमोरच एक नंबर लावला. सुनीता, राहणार चिखली, ऑपरेशन झालेली, केमो चालू. फोन पुरुषानं उचलला. मागे प्रेस मशीनचा आवाज, धाड धाड.

“हॉस्पिटलातून बोलतेय. सुनीताला द्या.”

“मॅडम, मी चाकणला ड्युटीवर आहे. मिसेस घरी. काय झालं? ओके टाकलंय की मी सकाळीच.”

“तुम्ही टाकलंत?”

“रोज मीच टाकतो. मशीनची चेकशीट भरतो ना, त्याच्यासंगंच हिचं पण भरून टाकतो. एकदाच काम होऊन जातंय.”

हा उत्तम. सुनीताचा नवरा, मूळचा लातूरकडचा, चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर. आता चेकशीट म्हणजे काय हे कारखान्याबाहेरच्यांना सांगायला हवं. माझे यजमानही कंपनीतच होते, म्हणून मला ठाऊक. प्रत्येक मशीनला एक कागद टांगलेला असतो. शिफ्ट सुरू करताना ऑपरेटरनं बघायचं, ऑइल ठीक आहे का, हवेचा दाब ठीक आहे का, हात वाचवणारा गार्ड जागेवर आहे का, आणि पुढे ‘ओके’ लिहायचं. ‘नॉट ओके’ लिहिलं की लाइन थांबते, सुपरवायझर येतो, मेंटेनन्सवाले येतात, आणि थांबलेल्या लाइनचा जाब शेवटी लिहिणाऱ्याला विचारतात. त्यामुळे बघणं राहून जातं आणि ‘ओके’ तेवढं उरतं. ऑडिट असलं तर मागचे राहिलेले ओकेसुद्धा एका बैठकीत भरून होतात. तर उत्तमराव रोज सकाळी ऑइल ओके, दाब ओके, गार्ड ओके आणि बायको ओके असं भरून कामाला लागत होते.

त्यांचा नंबर आमच्याकडे आला कसा, तर कंपनीचा विमा नवऱ्याच्या नावावर, म्हणून नोंदणीला नंबर नवऱ्याचा. बँकेला त्याचा, गॅसला त्याचा, तसाच कॅन्सरलाही. सॉफ्टवेअरनं तोच उचलला. मी बाकीचेही नंबर फिरवले. बहुतेक फोन नवऱ्यांनी उचलले, काही मुलांनी. एका बाईची उत्तरं तर तिचा दीर देत होता, आणि दीर नोकरीला गुजरातेत होता.

पुढच्या तपासणीला उत्तम सुनीताला घेऊन आला. डोक्याला स्कार्फ बांधलेली ती त्याच्या मागं उभी. मी त्याला बसवलं आणि म्हटलं, “आकुर्डीची एक बाई अशीच ओके राहून गेली. तुम्हाला बायको हवी आहे की नको?”

तो चिडला नाही. म्हणाला, “हवी म्हणून तर ओके टाकायलोय, मॅडम. मागच्या टायमाला हिच्या पेशी कमी आल्या, तर डॉक्टरीणबाईंनी केमो पुढं ढकलली. नॉट ओके टाकलं की लाइन थांबती. तेवढ्यात आत गाठ वाढली तर कुणाला विचारायचं?”

म्हणजे निष्काळजीपणा नव्हता, हिशेब होता, आणि तो त्याच्या कारखान्यात अगदी बरोबर होता. मी त्याला समजावलं की केमो थोडी पुढे गेल्यानं बाई जात नाही, लपवलेल्या तापानं जाते. त्यानं मान डोलावली. मान डोलावणं हा आमच्या औद्योगिक पट्ट्यातला सगळ्यात मोठा उद्योग आहे. मी सुनीताला म्हटलं, “तू स्वतः दाबत जा.” ती म्हणाली, “फोन ह्यांच्याकडं असतो. माझा पोरीच्या अभ्यासाला लागतोय.” उत्तम लगेच म्हणाला की नवा घेतो. घेतला नाही.

त्याच सुमाराला मी पहिल्यांदा तो कट्टा उघडला. वर गुलाबी फुलं, खाली अक्षरं, ‘मैत्रिणींनो, मन मोकळं करा’. आत सगळे बाप्ये. सुरुवातीला शुभ सकाळ आणि देवांची चित्रं, मग कोणाला वन रूम किचन भाड्यानं हवंय, मग कुठल्या कंपनीत ओव्हरटाइम बंद झालाय. मी कपाळाला हात लावला. पण पुढं वाचत गेले, तर एकानं लिहिलं होतं, “राव, केस गेल्यापासून मिसेस आरशासमोर जात नाही. काय बोलू?” त्याला उत्तर, “काही बोलू नको. आरसा पण काढू नको. मी काढला होता, लय भांडण झालं.” दुसऱ्यानं विचारलेलं, ऑपरेशनच्या बाजूच्या हातानं वजन उचलायचं नाही म्हणतात, मग पाण्याची बादली कोणी उचलायची. खाली चार जणांनी एकच उत्तर दिलेलं, “तू उचल की भावा.”

या कट्ट्याचे पुढारी होते किसनभाऊ. चिखलीच्या जुन्या घरातले. शेताच्या जागी आता त्यांच्या भाड्याच्या खोल्या होत्या आणि दारात एक टेम्पो. त्यांच्या मालकिणीचे उपचार पूर्ण झाले होते, पण भाऊंनी कट्टा सोडला नव्हता. टाईप करायचा त्यांना वैताग, म्हणून बोलून पाठवायचे. “आमच्या हिला तोंड आल्यालं तवा तिखाट बंद केलं. समद्या घरानं बंद केलं, एकट्या तिनं न्हाई. न्हाईतर ती बिचारी आपलं ताट बघत बसती.” ऐकता ऐकता माझा डबा गार झाला. बायकांसाठी केलेली जागा नवऱ्यांनी बळकावली होती, याचा मला राग आला. आणि बरंही वाटलं, हेही खरं.

साहेबांना मात्र नुसताच राग आला. निधी महिलांच्या आवाजासाठी होता आणि कट्ट्यावर महिलांचा आवाज नव्हता, म्हणून कट्टा बंद करायला त्यांनी मीटिंग ठेवली. एसी हॉल, काजू, पाण्याच्या छोट्या बाटल्या. ऋतुजानं मोठ्या पडद्यावर अर्ध्या भागात माझी हिरवी नावं लावली आणि अर्ध्या भागात कट्टा, चालू असलेला.

“ही पुरुषांची गर्दी डिलीट करा,” साहेब म्हणाले. “यात महिला आहेत कुठे?”

“घरी आहेत, साहेब,” मी म्हटलं.

तेवढ्यात कट्ट्यावर उत्तमचा निरोप पडला. चहाच्या सुट्टीत लिहिलेला असणार. “ताप किती असला की जास्त म्हणायचं? सकाळी गोळी देऊन, पट्ट्या ठेवून आलोय. आत्ता फोन केला तर म्हणती लय थंडी वाजायली.” शेजारच्या अर्ध्या भागात सुनीताचं नाव हिरवंगार.

सगळ्यांनी ते वाचलं. साहेब म्हणाले, “पण ही तर ग्रीन आहे.”

मी तोवर उत्तमचा नंबर लावला होता. वाजत राहिला, कोणी उचलेना. चहाची सुट्टी संपली की लाइनवर फोन घेता येत नाही. केमो होऊन आठवडा उलटून गेलेला, म्हणजे नेमके वाईट दिवस, आणि घरी ती एकटी. ॲम्ब्युलन्स पाठवायला पत्ता हवा, तर नोंदणीत पत्ता गावाकडचा, लातूर जिल्ह्याचा.

आणि त्या एसी हॉलच्या चारी स्पीकरांमधून किसनभाऊंचा आवाज आला. “आरं येड्या, पट्ट्या कसल्या ठिवतो? क्येमोचा ताप हाय त्यो. चिखलीत कुठं ऱ्हातो तू, कुणाच्या खोलीत? मी हितंच हाय, हिला घिऊन निघालोच बघ.” दुसऱ्या एकानं लगेच लिहिलं, उत्तम माझ्याच कंपनीत आहे, मी शॉपमध्ये जाऊन सांगतो. थोड्या वेळानं उत्तमनं पत्ता टाकला. मी कट्ट्यावर आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं, ‘थेट हॉस्पिटलात आणा, मी दारात उभी आहे’, आणि डॉक्टरीणबाईंना सांगायला वॉर्डाकडे निघाले. हॉलच्या दारात साहेबांनी मला गाठलं. म्हणाले, “सिस्टर, हे सक्सेस स्टोरी म्हणून वापरता येईल ना?” मी त्यांना ओलांडून पुढे गेले. थांबायला वेळ नव्हता, हे त्यांचं नशीब.

किसनभाऊंनी टेम्पो दारात आणून लावला. पुढच्या सीटवर त्यांच्या मालकिणीनं सुनीताला कुशीत धरलेलं. अंग चटका बसेल असं तापलेलं आणि रक्तदाब इतका खाली की डॉक्टरीणबाईंनी तिला थेट आयसीयूत घेतलं. औषधं लगेच सुरू झाली. तरी त्या रात्रीपुरतं कोणी कसलीच खात्री देत नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशीही नाही. उत्तम कंपनीच्या युनिफॉर्मवर, पायात सेफ्टी शूज तसेच, आयसीयूच्या दाराशी बसून होता. मी त्याला फाडून खायच्या तयारीनं गेले होते. तो म्हणाला, “मॅडम, लाइन थांबवायला पाहिजे होती. मला कळत होतं आणि मी थांबवली नाही.” मी त्याला चहा आणून दिला आणि त्याच्या शेजारी बसले. मला रडू आलं, त्यालाही.

सुनीता वाचली. वॉर्डात आणल्यावर, जरा बसायला लागल्यावर, मी तिची हजेरी घेतली.

“ताप आलाय हे तुला कळलं नव्हतं?”

“कळलं की.”

“मग बोललीस का नाहीस?”

“सिस्टर, भाकऱ्या होत होत्या की माझ्याकडनं. भाकऱ्या होतायत तोवर आजारी आहे म्हणून कसं सांगायचं? त्या दिवशी सकाळी थापायला बसले तर हातातनं पीठच गळायलं, तवा ह्यांना म्हणलं, आज जमंना.”

म्हणजे भर तापात, अंगात लढायला एक पेशी नसताना, ही बाई परातीपुढं बसत होती. आणि मी काचेच्या खोलीत तिचं मन कसं आहे ते विचारत होते.

साहेबांनी मनावर घेतलं. कट्टा बंद करायचा विषय मागे पडला आणि त्यांनी कंपनीकडून बायकांना स्वतःचे फोन मिळवून दिले. कार्यक्रम झाला. एकेक फोन देताना फोटो, फोन हातात घेऊन फोटो, फोन कानाला लावून फोटो. या वेळी स्टेजवर बायका होत्या, हे मी नोंदवते. आता प्रश्न बाईच्या हातात, उत्तर बाईचं, मधे नवरा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीत येऊन पडदा लावला, तर सगळ्या बायका हिरव्या. सुनीतासुद्धा.

मी तिला फोन लावला आणि ओरडलेच. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, “लाल दाबलं की तुमचा फोन येणार. मग ह्यांची सुट्टी पडती, पोरीची शाळा बुडती, शेजारीण चौकशा करती. एका चेहऱ्यापायी किती जणांना कामाला लावायचं?” इतके दिवस मी नवऱ्यांना शिव्या घालत होते. चेकशीट भरायला त्यांना शिकवलं कंपनीनं, यांना कोणी शिकवलं? यांचं तर आईच्या घरापासून ओकेच चाललेलं.

त्या आठवड्यात ऋतुजा आली तेव्हा मी तिला म्हटलं, “तुझे प्रश्न असू देत. त्यांच्या वर एक टाक. आज सकाळचा स्वयंपाक कोणी केला? उत्तरं दोनच, मी किंवा दुसऱ्या कोणी.” ती हसत सुटली.

साहेबांना हसू आलं नाही. “सिस्टर, हे स्त्रीला चुलीशी जखडणारं आहे. आमच्या धोरणात बसत नाही.”

“साहेब, जखडलं मी नाही. बाई तापानं फणफणलेली असली तरी तिथं असते. ती तिथून कधी उठली, एवढंच मला कळू द्या.”

शेजारीच बसलेल्या डॉक्टरीणबाई फाईलमधून मान वर न करता म्हणाल्या, “टाका ग तो प्रश्न.” आणि तो पडला.

या प्रश्नाला बायका खोटं बोलेनात. कारण त्यांच्या मते हा आजाराचा प्रश्नच नव्हता. ‘दुसऱ्या कोणी’ दाबलं की नाव लाल व्हायचं आणि मी फोन करायचे. बाई मला बरं नाही असं चुकूनही म्हणायची नाही, पण जावेनं केलेली आमटी कशी अळणी होती हे सविस्तर सांगायची. त्या अळणी आमटीच्या मागे मग ताप निघायचा, सुजलेला हात निघायचा, दोन-दोन दिवस न खाल्लेलं पोट निघायचं. पडदा खरा बोलायला लागला. साहेबांनी पुढे कुठल्याशा परिषदेत ‘स्वयंपाक निर्देशांक’ या नावानं यावर भाषण दिलं. निर्देशांक त्यांना सुचला कसा, हे सांगताना ते फार भावुक झाले असं ऋतुजा म्हणाली. तिनं मला त्याचा व्हिडिओ दाखवला, मी दोनदा बघितला.

सुनीताच्या केमो संपल्या, मग शेक, म्हणजे रेडिएशन, झाले. मधे एकदा तिचं नाव लाल झालं होतं, तेव्हा तिनं मी विचारायच्या आत अंग किती तापलंय ते सांगितलं आणि उत्तम शिफ्ट सोडून तिला घेऊन आला होता. त्यानंतर ती रोज हिरवी होती आणि रोज स्वयंपाक तिचाच होता. मी निवृत्त होण्याच्या थोडं आधी, एका सकाळी तिचं नाव पुन्हा लाल दिसलं. गाठ परत येते ती अशीच, सगळं सुरळीत झालं असं वाटत असताना. मी फोन लावला.

“ताप आहे?”

“नाही.”

“उलट्या? हात सुजलाय? कुठं गाठ लागली हाताला?”

“नाही हो सिस्टर.”

“मग स्वयंपाक कोणी केला?”

“ह्यांनी केला. दुसरी शिफ्ट आहे त्यांची. जाड झाल्यात भाकऱ्या, पण केल्या.”

“आणि तू?”

“मी बसले होते.” पुढे म्हणाली, “मला काही झालेलं नाही. आज करावंसं वाटलं नाही, म्हणून केला नाही.” आणि मग आवाज बारीक करून, “चालतंय न्हवं?”

“चालतंय,” मी म्हटलं.

सॉफ्टवेअरमध्ये लाल नाव मिटवायचं तर कारण निवडावं लागतं. ताप, उलटी, वेदना, सूज, इतर. मी त्या यादीवरून बराच वेळ बोट फिरवलं आणि काहीच न निवडता सोडून दिलं. दिवसभर सगळ्या हिरव्यांमध्ये ती एकटी लाल राहिली. संध्याकाळी साहेबांचा फोन आला.

“सिस्टर, एक रेड दिसतंय. काय प्रॉब्लेम आहे?”

“काही नाही. बाई ठणठणीत आहे.”

“मग ग्रीन करून टाका ना.”

“नाही करणार,” मी म्हटलं, आणि फोन ठेवला.